आमचं लग्न झालं होतं याचा पुरावा

दादा,

वाकून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा हा नमस्कार मनातल्या मनात वाकून केलाय असं समज. तूही आशीर्वाद मनातल्या मनातच दे, उगाच खुर्चीतून उठू नकोस.) तुझी कंबर कशी आहे? वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं, असं लेकीकडून कळलं. आनंद झाला. आता तुझं कसं होणार याची थोडी काळजीही वाटली. आम्ही दोघं तब्येतीने ठीक आहोत. बाकी काही ठीक नाही.

तू म्हणशील, घरात फोन असताना पत्र लिहायची ही हौस कुठून आली? हौस नाही रे. फोनवरचा माझा विश्वास उडालाय. मागच्या महिन्यात लेकीशी बोलताना मी एकदाच, फक्त एकदाच 'जहाज' हा शब्द उच्चारला. संध्याकाळी फोन उघडते तर त्यात जहाजांच्या जाहिराती. पांढरी जहाजं, निळी जहाजं, कठड्याला टेकून हसणारी म्हातारी जोडपी. योगायोग असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन तोंडाजवळ धरून तीनदा 'उंदराचा पिंजरा' असं म्हटलं. संध्याकाळपर्यंत पिंजरे आले. तेव्हापासून महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मी आधी फोन तांदळाच्या डब्यात ठेवते. आणि तुला जे सांगायचंय ते डब्याचं झाकण लावूनही बोलण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक. (पण आधी वहिनींना वाचायला दे. नाहीतर नव्या डोळ्यांनी त्या तुझ्याकडे संशयाने बघतील.)

तर झालं असं. लेकीने आणि जावयाने आम्हाला सात दिवसांच्या जहाजाच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे परस्पर बुकिंग करून टाकलं आणि मग सांगितलं. जहाज तीन परक्या बंदरांना लागणार आणि आम्हाला परत आणून सोडणार. (परत आणणार हे छापलेलं आहे, मी बघून घेतलं.) आता मला सांग, ज्या पोरीने लहानपणी आइस्क्रीमचा शेवटचा घास कधी कुणाला दिला नाही, तिला एकदम आईबापांना समुद्र दाखवायचा उमाळा का यावा? माझं लाकडी कपाट घरातून घालवायचं तिच्या मनात तीन वर्षांपासून आहे. सात दिवसांत अशी चार कपाटं घालवता येतात. मी तिला सरळ विचारलं, तर म्हणाली, "आई, तू वाचनालयातून निवृत्त झालीस, संशयातून कधी होणार?" प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणारा माणूस मला आवडत नाही, मग ती पोटची पोर का असेना.

आणि संशय मी काय हौसेने घेते? वाचनालयाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली मी. परत आलेल्या पुस्तकाची पानं मोजल्याशिवाय कधी शिक्का मारला नाही. तुला आठवत असेल, एका बड्या डॉक्टरने रहस्यकथेचं शेवटचं पान फाडून ठेवून घेतलं होतं आणि मी त्याच्या दवाखान्यात पेशंट म्हणून नंबर लावून, आत जाऊन, ते पान परत आणलं होतं. (औषधही लिहून दिलं होतं मेल्याने, ते मी घेतलं नाही.) सभ्य चेहऱ्याची माणसंच पानं फाडतात, एवढं मला नोकरीने शिकवलं.

पण लेकीपेक्षा मला खरा संशय आला तो यांचा. तू यांना ओळखतोस. पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात यांचा जन्म गेला. घर ते दुकान, दुकान ते घर. तांब्याची तार गुंडाळत बसायची आणि कुणी काही बोललं की 'हं' म्हणायचं. शेजारच्या गल्लीत कुणाच्या वाढदिवसाला न्यायचं तर मला दोन दिवस आधीपासून विषय काढावा लागतो. आणि लेक 'जहाज' म्हणाल्याबरोबर हे म्हणाले, "जाऊ की." बस्स. हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही. दादा, माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. बरं, दुसऱ्याच दिवसापासून यांनी सकाळी फिरायला जायला सुरुवात केली. फिरून आलेल्या माणसाचा चेहरा कसा टवटवीत हवा! हे यायचे ते भिंत धरत. चेहरा हिरवट, कपाळावर घाम, आणि खिशात एक लिंबू. "कुठवर गेला होतात?" तर, "इथंच." "लिंबू कशाला?" तर, "हं."

मग एका सोमवारी आम्ही प्रवासवाल्याकडे गेलो. त्याचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. जिना चढताना खालून दात कोरायच्या यंत्राची घरघर आणि वरून समुद्राच्या लाटांचा आवाज (तो त्याने स्पीकरवर लावून ठेवलेला असतो), असं दोन्ही एकदम कानावर येतं. माणूस अति गोड. तोंडावरचं हसू खाली उतरतच नाही. त्याने आमच्या हातात कागदपत्रांची यादी ठेवली, दोन्ही बाजूंनी छापलेली. पासपोर्ट हवा, तो परत आल्यावरही सहा महिने चालणारा हवा. (परत आल्यावर मी कुठं जाणार आहे? पण हवा.) दोन देशांचे व्हिसा आधी काढायचे, तिसरा देश बंदरावरच देतो म्हणे. प्रकृती बरी असल्याचा दाखला, विम्याचा कागद, सगळ्याच्या तीन तीन प्रती. आणि तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर जहाज तुम्हाला धक्क्यावर ठेवून जातं. हे सांगतानाही तो हसत होता.

मी विचारलं, पासपोर्ट सांभाळायचा कुठे, खोलीत कुलूप असतं का? तर म्हणाला, "काकू, तुम्ही काळजीच करू नका. चढताना आम्हीच तो जमा करून घेतो. प्रत्येक बंदरावर अधिकाऱ्यांना एकदम दाखवायला सोपं पडतं." आणि आमच्याकडे काय राहणार? तर म्हणे एक कार्ड. त्याने खोलीचं दार उघडतं, त्याच्यावर जेवण मिळतं आणि बंदरावर चढता-उतरताना तेच दाखवायचं. दादा, विचार कर. भर समुद्रात माझी ओळख जहाजवाल्यांच्या कपाटात आणि माझ्या हातात काय, तर दाराची किल्ली! मी म्हटलं, कार्ड हरवलं तर मी कोण? तो म्हणाला, "तुम्ही तुम्हीच की, काकू." याला मी पुरावा म्हणत नाही. हे मात्र खुर्चीत बसून भिंतीवरच्या जहाजाच्या चित्राकडे टक लावून बघत होते. डोळ्यात पाणी होतं की दिव्याचा उजेड होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

फोटोंचं तर विचारूच नकोस. फोटोवाल्याने चष्मा काढायला लावला, केस कानांमागे सारायला लावले, आणि वर म्हणाला, हसू नका. (मी हसत नव्हते. माझं तोंड तसंच आहे.) दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर मी नुकतीच पकडलेली चोर दिसते आणि हे फिर्यादी.

एवढं सगळं घेऊन आम्ही पासपोर्टच्या कचेरीत गेलो. खिडकीत एक बाई होत्या, माझ्यापेक्षा जाड चष्म्याच्या. त्यांनी यांचे कागद उलटेपालटे करून पाहिले, बरोबर आहेत म्हणाल्या, आणि अर्ज देण्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ दिली. मग माझे घेतले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बाकी सगळ्यावर सासरचं. बाईंनी दोन कागद दोन हातांत धरले.

"ही बाई आणि ही बाई एकच, याला आधार काय?"

"मी आहे ना समोर," मी म्हटलं.

"तुम्ही आधार नाही. लग्नाचा दाखला आणा."

दादा, मला भांडताही येईना, कारण त्या बाईने मला तीच वागणूक दिली जी मी तिच्या जागी असते तर दिली असती. लग्नाचा दाखला आमच्याकडे नाही. एक्केचाळीस वर्षांत कुणी मागितलाच नाही. नोंदणी करायची राहून गेली ती गेलीच. आता बसा. नोंदणीच्या कचेरीत विचारलं तर म्हणाले, उशिरा का होईना, करता येईल. पण लग्नाचा फोटो आणा.

फोटो माळ्यावरच्या पेटीत. त्या दिवशी हे दुकानात होते. मी स्टूल घेतलं, पेटी खाली ओढली, आणि एक एक वस्तू बाहेर काढली. फोटो सापडला. आमच्या लग्नात एकच धड फोटो निघाला होता, तो सगळ्यांचा एकत्र. त्यात हे आहेत, तेल लावून चप्प बसवलेल्या केसांचे. बाबा आहेत, आत्या आहेत, आणि फोटोवाल्याला 'जरा मागे सरक' म्हणून हात लांब करून दाखवणारा तू आहेस. आणि तुझ्या त्या लांब केलेल्या हाताच्या मागे, कोपराच्या बरोबर मागे, माझा चेहरा आहे. म्हणजे असावा. दिसत नाही. माझ्या लग्नाला तू हजर होतास याला पुरावा आहे, मी होते याला नाही.

मी फोटोला (आणि तुला) बोल लावत पेटी परत भरायला लागले, तर तळाशी यांचं मोटारींच्या गुंडाळ्यांचं जुनं माहितीपुस्तक दिसलं. सवय म्हणून पानं चाळली. मधे काहीतरी टणक लागलं. उघडून बघते तर पासपोर्ट. जुना, कडा खाल्लेला. आत फोटो, आणि फोटोत हे. सत्तावीस वर्षांचे, रुंद कॉलरचे, आणि दादा, चक्क हसत. (तेव्हा हसू देत असावेत.) तारीख बघितली. आमच्या लग्नाच्या तीन महिने आधीची. पानं मोजली. सगळी होती, एकही फाडलेलं नाही. आणि सगळी कोरी. कुठल्याच देशाचा शिक्का नाही.

मी स्टुलावरच बसले. एक्केचाळीस वर्षं ज्या माणसाच्या डब्यात मी रोज काय घालायचं ते ठरवलं, त्या माणसाकडे पासपोर्ट होता. आणि तो त्याने लपवला होता. का? लग्नाच्या तीन महिने आधी हा माणूस कुठे निघाला होता? कुणाबरोबर? कशापासून पळत होता? एकदम आठवलं, आठवड्यापूर्वी याच माणसाने अर्जात 'यापूर्वी पासपोर्ट काढला होता का' या प्रश्नापुढे माझ्यादेखत 'नाही' असं लिहिलं होतं. स्वच्छ अक्षरात. पेनही अडखळलं नव्हतं.

मी उठले. पासपोर्ट पर्समध्ये टाकला, पेटी होती तशी माळ्यावर चढवली, आणि चार दिवस ताकास तूर लागू दिली नाही. नुसतं चाचपून बघत होते. जेवताना मी म्हणायचे, "समुद्र जवळून कसा दिसतो हो?" हे म्हणायचे, "मोठा." म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?" तर, "ऐकलंय." पाचव्या दिवशी सकाळी हे फिरायला निघाले तशी मी मागोमाग निघाले, शंभर पावलांचं अंतर ठेवून, डोक्यावरून शाल घेऊन. हे सार्वजनिक बागेत शिरले. मी झुडपाआड. वाटलं, आता ती येणार. (कोण ते ठरलं नव्हतं, पण 'ती' हे नक्की होतं.) यांनी इकडे तिकडे बघितलं, मुलांच्या खेळायच्या जागेत गेले आणि, दादा, झोपाळ्यावर बसले. अडुसष्ट वर्षांचा जावई तुमचा! डोळे मिटले, पाय मारले आणि झोके घ्यायला लागले. एक हात साखळीला, दुसऱ्या हातात नाकाला लावलेलं लिंबू. दहा मिनिटं. चेहरा आधी पिवळा, मग हिरवा. उतरून झाडाला धरून उभे राहिले. माळी लांबून ओरडला, "आजोबा, वयाची पाटी वाचा!" यांनी हात जोडले आणि खुशाल पुन्हा बसले. मला वाटलं, ही कुणासाठी तरी खूण असणार. मी सगळ्या बागेवर नजर फिरवली. हिरव्या पोशाखात हातवारे करणारी एक बाई मला फार संशयास्पद वाटली, पण ती व्यायाम करत होती आणि तिच्याबरोबर तशाच आणखी अकरा जणी होत्या.

अर्ज देण्याचा दिवस आला. मीही गेले, सोबत म्हणून. खिडकीत त्याच जाड चष्म्याच्या बाई. त्यांनी यांचा अर्ज वाचत वाचत खाली आणला आणि बोट थांबवलं.

"यापूर्वी पासपोर्ट काढला नव्हता?"

"नाही," हे म्हणाले.

मी पर्स उघडली आणि तो जुना पासपोर्ट खिडकीच्या फळीवर ठेवला. ठेवला म्हणजे जरा आपटलाच.

बाईंनी तो उघडला. फोटोकडे बघितलं, मग यांच्याकडे. "हे तुम्हीच का?"

यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. कान लाल झाले होते. बोटं अर्जाचा कोपरा तांब्याच्या तारेसारखी गुंडाळत होती, दादा. मला एकदम वाटलं, हे आपण काय करून बसलो? पण आता मागे घेता येत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आजोबा, अर्जात खोटी माहिती दिली तर अर्ज नाकारला जातो. हे कसं झालं ते मला सांगावं लागेल. पंधरा मिनिटं बाहेर बसा, आठवा, आणि या."

बाहेर बाकावर बसलो. समोर पाण्याचं पिंप आणि त्याला साखळीने बांधलेला पेला. मी म्हटलं, "कोण होती?"

"कोण?"

"जिच्याबरोबर जाणार होतात."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी परक्या भाषेत बोलले. मग म्हणाले, "जहाज होतं." आणि मग एवढं बोलले, जेवढं मी त्यांच्या तोंडून एका दमात कधी ऐकलं नव्हतं.

मालाच्या जहाजावर वायरमनचा मदतनीस म्हणून यांची निवड झाली होती. मामंजी आणि हे, दोघांनाच ठाऊक होतं. जहाज सुटलं की मग सगळ्यांना सांगायचं असं ठरलेलं. नवी ट्रंक घेतली, नवी टोपी घेतली, आणि हे बंदरावर गेले. शिडी चढले. मांडीएवढ्या जाड दोरांनी जहाज धक्क्याला बांधलेलं. यांना खाली यंत्रांच्या खोलीत नेलं. तिथे तेलाचा वास, उकाडा, आणि पायाखालची जमीन अगदी किंचित, पण सारखी, वर-खाली. दोन तासांत हे नव्या टोपीत ओकले. मुख्य वायरमन पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पोरा, अजून दोर सोडलेले नाहीत." हे म्हणाले, लिंबू घेऊन येतो. खाली उतरले, धक्क्यावरच्या फळवाल्याकडून एक लिंबू घेतलं आणि त्याच्याच छत्रीखाली बसले. पाच मिनिटं बसू म्हणून. भोंगा झाला, तरी उठवेना. शिडी वर घेतली. दोर सोडले. जहाज गेलं. यांची ट्रंक त्यात गेली. "तिने जग पाहिलं," हे म्हणाले, "मी नाही."

घरी येऊन सांगितलं की नोकरीच रद्द झाली. मामंजींनी पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि पंधरवड्याने तू माझं स्थळ घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलास. यांनी मान हलवली.

दादा, मी उठून त्या साखळीच्या पेल्याने पाणी प्यायले. म्हणजे मी कोण? ओकारीनंतर तोंडात धरायची लिंबाची फोड? हे मी बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "तसं नाही ग." आणि कसं ते मात्र सांगितलं नाही. मी विचारलं, मग पासपोर्ट ठेवला कशाला, फेकायचा होता. म्हणाले, "चढलो होतो एकदा. त्याला दुसरा पुरावा नव्हता." आणि तो झोपाळा? तर म्हणे, सवय करतोय, पहिल्या दिवशी चार झोक्यांत संपायचो, आता चाळीस होतात. "या वेळी तू बरोबर असणार," असंही म्हणाले, पण मान खाली घालून, बुटाच्या नाडीशी.

आम्ही परत आत गेलो. यांनी बाईंना सगळं सांगितलं, टोपीसकट. बाईंनी चष्मा काढून पुसला, एक कोरा कागद दिला, आणि जुना पासपोर्ट वापरलाच नसल्याने अर्जात 'नाही' लिहिलं गेलं, असं प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. मग जुन्या पासपोर्टचा कोपरा कात्रीने कापला. कापताना यांनी डोळे मिटले. कापून झाल्यावर बाईंनी तो यांच्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "हा ठेवा तुमच्याकडे. आता फक्त आठवण." यांचा अर्ज मंजूर झाला, दादा. यांचा नवा पासपोर्ट आलासुद्धा. मी तो पानं मोजून घेतला.

राहिले मी. गेल्या मंगळवारी आम्ही लग्नाच्या नोंदणीला गेलो. लहानशी खोली, पंखा खडखडणारा (हे सारखे वर बघत होते), आणि टेबलामागे आपल्या लेकीएवढी अधिकारी. तिने फोटो बघितला, कोपर बघितलं, हसली नाही. मला ती आवडली. फॉर्म पुढे सरकवून तिने यांना विचारलं, "हे लग्न तुम्ही स्वखुशीने केलं आहे?" हे म्हणाले, "हो." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मला तेच विचारलं. दादा, हा प्रश्न मला तेव्हा कुणी विचारला नव्हता. तू आणि बाबांनी येऊन सांगितलं होतं, ठरलं. मुलगा शांत आहे. मी त्या दिवशी माळ्यावरून पुस्तक काढून वाचत बसले होते. मी रागाने नाही लिहीत. पण एकसष्ट वर्षांची झाले आणि पहिल्यांदा कुणीतरी कागदावर जागा सोडून मला विचारलं. मग मी काय उगाच 'हो' म्हणून मोकळी होणार? एक माणूस चार दशकं माझ्यापासून एक जहाज लपवून ठेवतो. त्याचं आणखी काय काय धक्क्याला लागलेलं असेल, कुणी सांगावं? मी शांतपणे सांगितलं, मला विचाराला वेळ हवा. अधिकारी बाईंनी पंधरा दिवसांची तारीख दिली. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बसू दे जरा धाकात.

तर असा सगळा प्रकार आहे. बाकी काही विशेष नाही. तुझ्याकडून काही हवं म्हणून लिहिलं असं समजू नकोस. मन मोकळं करायला तुझ्याशिवाय कोण आहे मला? वहिनींना नमस्कार. कंबरेला शेक घेत जा.

तुझी धाकटी बहीण

ता. क. एक राहिलं. नोंदणीला लग्नात प्रत्यक्ष हजर असलेला साक्षीदार लागतो. त्या फोटोतल्या माणसांपैकी आता तूच एक उरला आहेस. तेव्हा दोन तारखेच्या आत ये. कंबर घेऊनच ये, बसायला खुर्ची मिळते. येताना तुझं ओळखपत्र आण, पत्त्याचा कागद आण, सगळ्याच्या तीन तीन प्रती आण, आणि तुझं नाव सगळीकडे सारखं लिहिलंय का ते वहिनींकडून तपासून घे. तू स्वतः तपासू नकोस, तुला तुझी चूक दिसत नाही.

ता. क. दुसरं. तू आलास म्हणजे मी 'हो' म्हणणारच असं गृहीत धरू नकोस. मी अजून विचार करते आहे.

ता. क. तिसरं. (हे अक्षर माझं आहे, हिचं नव्हे.) दादा, नमस्कार. पाकिटावर पत्ता घालायला ही मला सांगते, कारण माझं अक्षर पोस्टमनला लागतं. पाकीट उघडं होतं. मी वाचलं नाही, फक्त वरचं पान दिसलं. मग खालची पानं क्रमाने आहेत ना ते बघितलं. हिने विचाराला वेळ मागितला असं लिहिलंय. तसं झालं नाही. अधिकारी बाई 'स्वखुशीने' हा शब्द पुरा करायच्या आत ही 'हो' म्हणाली, मोठ्याने, बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. आणि पेन ओढून घेऊन सही केली, तिच्या रकान्यात एक आणि माझ्या रकान्यात एक. त्यामुळे फॉर्म बाद झाला आणि नवी तारीख मिळाली. पण तुम्ही हे मला माहीत नाही असंच धरा. तुम्ही आलात की तिला एकदा विचारा, झाला का विचार म्हणून. सावकाश विचारा. ते कुणी विचारलेलं तिला फार आवडतं.